वजनामुळे चढलेलं बीपी: मोजायचं कसं, उतरवायचं कसं

वजन वाढलं की बीपी का चढतं, याचं उत्तर बरंचसं पोटात आहे. आतल्या अवयवांभोवती साठलेली चरबी मूत्रपिंडांवर दाब देते, मीठ-पाणी बाहेर टाकण्याचं त्यांचं काम मंदावतं, आणि रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकंही वाढतात. म्हणून वजनकाट्याच्या आधी शिंप्याची टेप घ्या.

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पॅंटच्या नंबरावर विसंबू नका. पोट सुटलेले पुरुष पॅंट पोटाखाली बांधतात आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. आपल्याकडे धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०.

टेप हातात आहे तोवर दंडाचा घेरही घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर. घरगुती बीपी मशीनबरोबरचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, पुष्कळदा २२ ते ३२ सेंटीमीटरच्या दंडासाठी असतो. माप कफवरच छापलेलं असतं. दंड ३६ चा आणि कफ लहान, तर आतली हवेची पिशवी दंडाला पुरेसा वेढा घालत नाही, धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटाच चढतो. फारच जाड दंडाला तर हा फरक १५-२० पर्यंत जाऊ शकतो. मोठा कफ वेगळा मिळतो, आपल्याच मशीनला चालणारा घ्या.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, आणि हात छातीच्या उंचीला टेकवलेला. बाही वर सरकवून दंड आवळू देऊ नका, शर्ट काढा. सकाळी गोळीआधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल, तर बीपी आहे असं धरून डॉक्टरांना दाखवा.

आता उतरवण्याचं. ढोबळ हिशेब असा: एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. ८० किलोच्या माणसाने चार किलो कमी केले तर १४८ चे १४४ होतील, १२० नाही. एवढ्यावर नाउमेद होऊ नका, मीठ आणि चालणं यांचा वाटा वेगळा मिळतो.

तेल मोजायची सोपी रीत म्हणजे पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहिणं. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर जात असेल, तर माणशी रोज ३३ मिली झालं. ते निम्मं केलं की माणशी सुमारे १४० कॅलरी वाचतात. चार कप चहातली दोन-दोन चमचे साखर बंद केली की आणखी तेवढ्याच. दोन्ही मिळून, कागदावर तरी, महिन्याला एक किलो. (एकादशीची तुपातली साबुदाणा खिचडी यात उपवास म्हणून धरायची नाही.) मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा; त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी विचारा.

वजन उतरल्यावर उठताना अंधारी येऊ लागली, तर गोळी जास्त होत असू शकते. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, स्वतः बंद करू नका. उलट, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं आणि नडगीवर बोट दाबून खड्डा राहिला, तर ते बहुधा पाणी असतं, चरबी नव्हे. त्याच दिवशी दाखवा. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलण्यात जडपणा असेल, तर पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन करा.