प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला क्रूझवर न्यायचंय? आधी मार्ग, मग जहाज, मग केबिन

माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिला नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे, म्हणजे मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रोटीन गळतं. प्रतिकारशक्ती कमी करणारी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी, रोज सकाळी लघवीत प्रोटीन बघायची पट्टी आणि त्या पट्टीचा रंग लिहून ठेवायची वही, हे आमच्या घरात दात घासण्याइतकं रोजचं झालंय. वाढदिवसाच्या पार्टीला नको, पोहण्याच्या तलावावर नको, गणपतीच्या गर्दीत नको, असं तिने लहानपणापासून ऐकलंय. वर्गातली मैत्रीण जहाजावर जाऊन आली आणि हिने विचारलं, ‘मी जाऊ शकते का?’ तेव्हा मला घाईने ‘नाही’ म्हणायचं नव्हतं. मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. त्यामुळे कुठे काय विचारायचं याचा थोडा अंदाज होता, बाकीचं तिच्या डॉक्टर बाईंनी शिकवलं.

पहिली परवानगी डॉक्टरांचीच. ‘क्रूझला जाऊ का?’ असं मोघम विचारू नका. किती रात्री, कुठून कुठे, त्या तारखांना मुलाच्या औषधांचा डोस किती असेल, हे घेऊन जा. नेफ्रॉटिकच्या मुलाला सलग तीन दिवस पट्टी तीन प्लस आली की रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उलटला, आणि साधी सर्दीसुद्धा तो उठवू शकते. म्हणून आजार बरेच महिने शांत आहे आणि डोस खाली आलाय, अशाच काळात जायचं असं आमचं ठरलं. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाचं गणित वेगळं असतं. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली असतील, तर साधा ताप हीसुद्धा तातडीची बाब असते आणि पहिलं अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. अशा दिवसांत समुद्रावर जाण्याचा विचारही करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता मार्ग. लोक आधी जहाज बघतात, मी आधी नकाशा उघडला. प्रश्न एकच ठेवला: मधल्या रात्री ताप चढला, तर मुलांच्या चांगल्या हॉस्पिटलपर्यंत किती तासांत पोचू? मुंबईहून गोव्याला जाणारं जहाज कोकण किनाऱ्याला धरून जातं. एका टोकाला मुंबईत परळचं वाडिया हॉस्पिटल, दुसऱ्या टोकाला गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. लक्षद्वीप फार सुंदर आहे, पण तिथे जहाज बेटापासून दूर नांगर टाकतं, माणसं छोट्या होड्यांतून बेटावर जातात आणि मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला मुख्य भूमीवर आणावं लागतं. लेकीचा हट्ट लक्षद्वीपचाच होता. मी तिला नकाशा दाखवून कारण सांगितलं. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांचा फायदा असा, की शहरात उत्तम हॉस्पिटलं आहेत. पण त्यात विमानप्रवास, विमानतळावरची गर्दी आणि परदेशातला खर्च आला.

रात्री किती, हेही याच प्रश्नात आलं. जहाजावर ज्याची सगळ्यात जास्त धास्ती असते तो नोरोव्हायरस शरीरात शिरल्यावर साधारण 12 ते 48 तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. दोन रात्रींच्या सफरीत लागण झालीच, तर बहुतेकदा त्रास परतीच्या वाटेवर किंवा घरी सुरू होईल, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या टप्प्यात. सात रात्रींच्या सफरीत तोच त्रास भर समुद्रात गाठतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन, फार तर तीन रात्रींच्या पुढे जाऊ नये.

नोरोव्हायरस आपल्याला परका नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस दोन्ही सापडले होते. पाणी उकळून पिण्याची सवय तेव्हा घराघरात पुन्हा लागली. जहाजाबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी: नोरोव्हायरसच्या नोंदलेल्या साथींपैकी जेमतेम एक टक्का साथी क्रूझवर होतात, बाकी सगळ्या जमिनीवर. जहाजावरच्या साथीची बातमी होते, कारण ती कळवावी लागते. तरी हा विषाणू चिवट आहे. जेमतेम 18 कणसुद्धा लागण करायला पुरेसे ठरू शकतात, पृष्ठभागावर तो दिवसेंदिवस टिकतो, आणि दारावर ठेवलेल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद. हा एकच नियम लेकीकडून घोटून घेतलात तरी निम्मं काम झालं.

जहाजाची स्वच्छता फोटोंवरून कळत नाही. झुंबरं आणि चकचकीत लिफ्ट प्रत्येक जाहिरातीत असतात. कागद मागा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम, म्हणजे जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी, 1975 पासून चालतो. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या परदेशी सफरींच्या जहाजांवर त्यांचे निरीक्षक न सांगता येतात आणि 100 पैकी गुण देतात. 86 आणि वर म्हणजे पास, 85 किंवा खाली म्हणजे नापास. हे अहवाल कुणालाही इंटरनेटवर वाचता येतात. नुसता आकडा बघून थांबू नका, गुण कशासाठी कापलेत ते वाचा. भिंतीची टाइल फुटली म्हणून गेलेला एक गुण मला चालतो. गरम पदार्थ हवा तेवढा गरम नव्हता, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन कमी होतं, आजारी कर्मचारी कामावर होता, असं असेल तर नाही. जुने अहवालही उघडा. तोच दोष पुन्हा पुन्हा दिसला, तर तो त्या जहाजाचा स्वभाव समजा. आमच्या कारखान्यातही ऑडिटर आधी मागच्या वेळचे दोषच तपासतो.

पण मुंबईहून वर्षभर देशातच फिरणाऱ्या जहाजाला हे गुण मिळत नाहीत, कारण ते अमेरिकेला जातच नाही. सिंगापूरचं एखादं जहाज पूर्वी अमेरिकेत असेल तर अहवाल सापडेल, पण त्यावरची तारीख बघा. तीन वर्षांपूर्वीचे 98 गुण आजच्या स्वयंपाकघराबद्दल काही सांगत नाहीत. मग आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार जहाजांना मिळणारं सॅनिटेशन प्रमाणपत्र विचारा. ते सहा महिन्यांसाठी असतं, आपल्याकडे बंदरातली आरोग्य यंत्रणा ते देते. ही किमान पात्रता आहे, उत्तमपणाची खूण नाही, एवढं लक्षात ठेवा.

याच्यापुढे खरी परीक्षा म्हणजे तुमचं ईमेल. एजंटला फोनवर विचारलंत तर तो ‘सगळं एकदम क्लीन आहे मॅडम’ म्हणेल. त्याला दोष नाही, त्याला माहीतच नसतं. त्याच्याकडून कंपनीच्या वैद्यकीय किंवा विशेष गरजांच्या विभागाचा पत्ता घ्या आणि लेखी विचारा. मी विचारलेले प्रश्न असे होते: एखाद्या प्रवाशाला उलट्या-जुलाब झाले तर त्याला केबिनमध्ये वेगळं ठेवता का, किती वेळ? त्याची केबिन आणि आजूबाजूची जागा कशाने पुसता? साथ आली तर बुफेवर स्वतः वाढून घेणं बंद करून कर्मचारी वाढतात का? जहाजावरच्या डॉक्टरांनी मुलांवर उपचार केलेत का? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सोडियम, पोटॅशियम तिथे तपासता येतं का? मुलांच्या मापाच्या सुया, सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आहे का? केबिनमधल्या फ्रिजचं तापमान किती? औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असेल, तर दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये ठेवाल का? रुग्णाला उतरवावं लागलं तर कसं आणि कुठे उतरवता?

एका कंपनीकडून नुसतं माहितीपत्रक आलं, ती मी त्याच दिवशी सोडली. ज्यांनी ‘ही तपासणी आमच्याकडे होत नाही’ असं सरळ लिहिलं, त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बऱ्याच पालकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. खूप महिने स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. ताप आला, उलट्या झाल्या की शरीराला जास्त गरज पडते, आणि नेमकी तेव्हाच गोळी पोटात टिकत नाही. मूल गळून जातं, रक्तदाब उतरतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून उलटी झाली तर गोळी पुन्हा कधी द्यायची, डोस किती वाढवायचा, इंजेक्शन कधी, हे डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे एका कागदावर लिहून घ्या. तो कागद मराठीत तुमच्यासाठी आणि इंग्रजीत जहाजाच्या डॉक्टरांसाठी. जहाज लागून होणाऱ्या उलट्यांनाही हेच लागू आहे, त्यामुळे त्यावरचं औषधही आधीच विचारून ठेवा. नेफ्रॉटिकच्या मुलाचं पोट दुखून ताप आला तर ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणून थांबू नका. पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांपैकी घ्या, तिथे डोलणं कमी जाणवतं. परवडत असेल तर बाल्कनीची. पैसे जास्त जातात, पण मुलाला समुद्र दिसतो, वारा मिळतो आणि गर्दीत जावं लागत नाही. आमच्यासाठी पैशांची खरी वसुली तीच होती. छोट्या सफरींची जहाजं सकाळी रिकामी होतात आणि दुपारी पुन्हा भरतात. नोरोव्हायरसमधून बरा झालेला माणूसही दोन आठवडे किंवा जास्त काळ विषाणू बाहेर टाकत असतो. म्हणून केबिनमध्ये शिरल्या शिरल्या मुलाला बाल्कनीत बसवा आणि रिमोट, दिव्यांची बटणं, दारांच्या मुठी, नळ, फ्लशचं बटण, फोन स्वतः पुसून काढा. द्रव ब्लीच विमानात नेता येत नाही. नोरोव्हायरसवर चालतं असं लेबलवर लिहिलेले वाइप्स घ्या आणि लेबलवर सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्या. लगेच कोरडं केलं तर उपयोग नाही.

जेवणाचा माझा नियम: वाफाळतं आलं तर खायचं. बुफेच्या चमच्याला शेकडो हात लागतात, म्हणून टेबलावर वाढून मिळणाऱ्या जेवणघरात पहिली पाळी सांगून ठेवली. आपल्या जहाजांवर वरणभात, खिचडी, गरम पोळी मागून मिळते, आणि कमी मीठ हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा. कोशिंबीर, मोड आलेली कच्ची कडधान्यं, कापून ठेवलेली फळं, हिरवी चटणी, मशिनमधलं सॉफ्ट आइस्क्रीम, बर्फ, हे सगळं बाजूला. केळी आणि संत्री आपण सोलून द्यायची. बंदरावर उतरल्यावर किनाऱ्यावरच्या गाड्यांवरचं काही नाही, आणि बाटली आपल्या हाताने उघडायची.

तलावाबद्दल मी कडक आहे. गरम पाण्याच्या टबातल्या वाफेतून न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हा जिवाणू फुप्फुसात जाऊ शकतो, त्यामुळे तिकडे फिरकायचंच नाही. थंड पाण्याच्या तलावातही क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी योग्य क्लोरीनमध्ये आठवडाभराहून अधिक जगतो. लहान बाळं डुंबतात ती उथळ कारंजी तर नकोच. चेंडूंचा हौद आणि खेळण्यांची खोलीही टाळली. मग करायचं काय? सकाळी सहाला डेक जवळजवळ मोकळा असतो. लेक दुर्बीण घेऊन मासेमारीच्या होड्या मोजत बसली. संध्याकाळच्या कार्यक्रमाला कडेची खुर्ची धरली, म्हणजे कुणी खोकायला लागलं तर उठता येतं.

निघण्याआधीच्या लसींचं डॉक्टरांशी आधीच बोला. जास्त डोसचं स्टेरॉइड चालू असताना गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी देत नाहीत. फ्लूचं इंजेक्शन मात्र देतात आणि ते निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावं. मुलाभोवतीच्या माणसांनी लसी घेणं तितकंच महत्त्वाचं आहे. आमच्याकडे आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी घेतल्या. घरात तान्हं बाळ असेल तर तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या थेंबांबद्दल आधी विचारा, कारण त्या बाळाच्या शौचातून विषाणू बाहेर पडतो.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत जहाजं मुलांनी भरलेली असतात. शाळेचे दोन दिवस बुडाले तरी चालतील, पण मधल्या आठवड्यात जा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नको. विम्यात मुलाचा आजार आधीपासूनचा म्हणून जाहीर करा आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का ते वाचा. आदल्या दिवशी ताप आला तर रद्द करण्याचे नियम काय, हेही पैसे भरण्याआधी बघा. तो पैसा गेला तर गेला, अशी मनाची तयारी ठेवूनच बुकिंग करा, नाहीतर तापातसुद्धा निघायचा मोह होतो. पुण्याहून निघताना द्रुतगती मार्गावर जेवायला थांबू नका, डबा घरचा घ्या. मुंबईच्या बॅलार्ड पियर बंदरावर रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून विशेष मदत आधी मागून ठेवा. औषधं हातातल्या पिशवीत, दुप्पट दिवसांची.

परत आल्यावरही लक्ष ठेवायचं असतं. जहाजावर कुणाला कांजिण्या होत्या असं कळलं, तर मुलाला काही झालेलं नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. कांजिण्या 10 ते 21 दिवसांनी उठतात, म्हणून तीन आठवडे, आणि ते इंजेक्शन दिलं असेल तर चार आठवडे, अंग रोज बघायचं आणि सकाळची पट्टी चुकवायची नाही.