आरोग्य-धोरणाचं उद्दिष्ट लिहायचंय? आधी छेद तपासा

सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकल्याणाच्या धोरणावर काम सुरू केलं की लवकरच एक मसुदा हाती पडतो आणि त्यात ‘बालकांचे आरोग्य सुधारणे’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. याला इच्छा म्हणायचं. उद्दिष्टात कुणाचं, काय, आज किती, किती व्हायला हवं आणि कधीपर्यंत, एवढं तरी लागतंच. शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं हे बघा: २०३० पर्यंत जागतिक मातामृत्यू प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ७० च्या खाली आणणे. यातला एक शब्द गाळला तरी मोजमाप अडतं.

नवख्याचा बहुतेक वेळ लक्ष्याचा आकडा ठरवण्यात जातो. तो छेदावर, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण संख्येवर काढायची तिच्यावर, घालवावा. समजा, एका विभागात लसीकरणाला पात्र बालकं अंदाजे ९०० आणि पहिला डोस नोंदला गेला ९४० जणांना. व्याप्ती निघते १०४ टक्के. अहवालात ती १०० करून टाकावीशी वाटते; तसं करू नका. पात्र बालकांचा अंदाज जुन्या जनगणनेवर बेतलेला असेल, नाहीतर शेजारच्या विभागातली मुलं इथे येत असतील. छेद दुरुस्त होईपर्यंत गळतीवर उद्दिष्ट बांधता येतं. तिसरा डोस ७५२ जणांना मिळाला असेल तर वाटेत गळाले १८८, म्हणजे ९४० च्या २० टक्के. अंश आणि छेद दोन्ही एकाच नोंदवहीतले, त्यामुळे लोकसंख्येचा अंदाज लागतच नाही. पण पहिल्या डोसापर्यंतही न पोचलेली मुलं या आकड्यात दिसत नाहीत आणि बहुधा सर्वाधिक धोका त्यांनाच असतो. त्यांच्यासाठी घरोघरी सर्वेक्षण करावंच लागतं.

राष्ट्रीय निर्देशक जसाच्या तसा छोट्या विभागावर लादणं ही नेहमी दिसणारी चूक. वर्षाला १०,००० जिवंत जन्म असलेल्या विभागात मातामृत्यू प्रमाण १०० असेल, तर वर्षात मृत्यू होतात १०. पुढच्या वर्षी ७ झाले काय नि १३ झाले काय, तो निव्वळ योगायोग असू शकतो. त्यावरून कुणाला शाबासकी किंवा नोटीस देणं अन्यायाचं. अशा ठिकाणी तीव्र रक्तक्षय असलेल्या किती गरोदर स्त्रियांवर उपचार झाले, प्रसूतीनंतर लगेच ऑक्सिटोसिन (रक्तस्राव रोखणारं औषध) किती जणींना मिळालं, हे मोजा. प्रत्येक मृत्यूची कारणमीमांसा मात्र झालीच पाहिजे.

कल्याणकारी सेवांमध्ये साखळी मांडल्याशिवाय उद्दिष्ट लिहूच नये. दिव्यांगांच्या अर्थसाहाय्यासाठी पात्र १,०००, अर्ज केले ६००, मंजूर ५४०, पैसे प्रत्यक्ष मिळाले ५३० जणांना, असं चित्र धरा. ४०० माणसं अर्जाआधीच गळाली. तरीही मसुद्यात येतं ‘अर्ज ३० दिवसांत निकाली काढणे’, कारण कार्यालयाकडे माहिती असते ती फक्त आलेल्या अर्जांची! शिवाय नामंजूर केलेला अर्जही निकालीच धरला जातो.

प्रत्येक उद्दिष्टाला एक राखणदार निर्देशक जोडा, म्हणजे उद्दिष्ट गाठताना दुसरीकडे नुकसान होत नाही ना, हे दाखवणारा आकडा. इंग्लंडच्या आपत्कालीन विभागांत रुग्णाला चार तासांत दाखल करा, दुसरीकडे हलवा किंवा घरी सोडा, असं उद्दिष्ट आलं. प्रतीक्षा घटली हे खरं, पण चौथा तास संपता संपता विभागातून बाहेर पाठवलेल्या रुग्णांची संख्या एकदम उसळलेली दिसू लागली. सोबत, घरी सोडलेल्यांपैकी आठवड्याभरात किती जण परतले, हेही पाहायला हवं.

लक्ष्य किती मोठं ठेवावं? जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये जाहीर केलं, की कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ३० लाख एचआयव्हीबाधितांना २००५ अखेर औषधोपचार मिळतील. तेव्हा गाठले गेले साधारण १३ लाख. ३० लाखांचा टप्पा आला २००७ मध्ये. तरी ते लक्ष्य आम्ही योग्यच मानतो, कारण त्यामागे औषधपुरवठा आणि निधीची जुळवाजुळव खरोखर सुरू झाली होती. तशी हालचाल नसेल, तर मागच्या चार-पाच वर्षांचा कल पुढे वाढवून बघा आणि त्याच्या थोडं वर लक्ष्य ठेवा.

मसुदा पाठवण्याआधी प्रत्येक ओळीसमोर चार रकाने भरा: जबाबदार पद, निधी कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून), आकडा कोणत्या नोंदीतून, पहिला आढावा कोणत्या महिन्यात. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ते उद्दिष्ट बाजूला ठेवून आधी नोंदवहीची सोय करा.