गावात यान कसं उतरवावं?

विनोदी विज्ञानकथेत अशक्य गोष्ट एकच ठेवा. गावाच्या पाण्याच्या टाकीवर परग्रहावरचं यान अडकलं, बास. त्यात काळयंत्रही घुसवलंत की वाचक कशालाच दचकत नाही.

कथा २००० शब्दांची असेल तर यान पहिल्या १५० शब्दांत दिसू द्या आणि त्याचं वर्णन चार ओळींत उरका. खरी गंमत गावात आहे. यान कुठून आलं, हे कुणी विचारूच नये! टाकीवर चढायची परवानगी कुणी दिली, सावली कुणाच्या अंगणात पडते, कर कुणाच्या नावावर लावायचा, यावरून जुनी भांडणं उकरून निघू द्यात. भाषा इतिवृत्ताची ठेवा: ‘विषय क्र. ४: टाकीवरील यान. चर्चा होऊन विषय तहकूब.’ निवेदक स्वतःच हसायला लागला की विनोद मेला.

विज्ञान थोडं, पण चोख हवं. मंगळापर्यंत संदेश जायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे तिथून सभेला हजर असलेल्या सदस्याला ठराव कळून त्याची हरकत पोहोचायला ६ ते ४४ मिनिटं. तोवर ठराव मंजूर. शिवाय मंगळाचा दिवस सुमारे ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे तिकडचं घड्याळ पाळणारा पाहुणा रोज आदल्या दिवसापेक्षा तेवढाच उशिरा येणार.

पात्रं पाचाच्या आत ठेवा. त्यांना मूर्ख मात्र करू नका. प्रत्येकाचा हट्ट त्याच्यापुरता बिनतोड असला पाहिजे.