विज्ञान दिनाला पितों द ला फुर्नेज दाखवायचा तर

पितों द ला फुर्नेज हा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी. त्याच्यावर यंत्रं कशी पाळत ठेवतात ते शाळेतल्या मुलांना दाखवायचं, त्याची ही तयारी. क्रमांक घालून यादी करायला बसले की माझ्या हातून कारणं सुटतात आणि नुसत्या वस्तू उरतात: दोरी, नळी, प्रोजेक्टर. म्हणून सलग लिहिते. ज्यांना स्टाफरूमच्या फळ्यावर चिकटवायची आहे त्यांनी आपापली छाटून घ्या.

कार्यक्रम २८ फेब्रुवारीचा, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करायची. पहिलं काम यंत्राचं नाही, दगडाचं. प्रत्येक मुलाने घराजवळचा एक काळा दगड आणायचा आणि कुठून आणला ते कागदावर लिहायचं. पांडवलेणीच्या आवारातला नको, ते संरक्षित स्मारक आहे, हे आधीच बजावा. दरवर्षी कोणीतरी अभिमानाने घेऊन येतंच. दगड टेबलावर मांडले की सातपूरचा, सिन्नरचा, त्र्यंबकचा, सगळा बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. हा लाव्हा ज्या तप्त स्रोतातून आला असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, तो आज रियुनियन बेटाखाली आहे. आच जागेवर राहिली आणि तवा, म्हणजे भारताचा भूखंड, उत्तरेला सरकला. पृथ्वीगोल हातात द्या आणि मुलांना बोट फिरवायला सांगा: महाराष्ट्र, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रियुनियन. पाच मिनिटं लागतात, पण पुढचे दोन तास मुलं बसतात ती या पाच मिनिटांमुळे.

याच कारणाने मी अमेरिकेतला यलोस्टोन ज्वालामुखी सोडून रियुनियन घेतला. यलोस्टोनवर माहिती भरपूर आहे, पण मुलं ‘महाज्वालामुखी फुटणार’ छापाचे व्हिडिओ बघून आलेली असतात आणि अर्धा वेळ ती भीती उतरवण्यात जातो. तिथे वर्षाला साधारण दीड ते अडीच हजार भूकंप नोंदले जातात आणि शेवटचा लाव्हा वाहिला त्याला ७०,००० वर्षं होऊन गेली, हे दोन आकडे शेजारी लिहिले तरी व्हिडिओच जिंकतो. रियुनियनचा पितों द ला फुर्नेज मात्र खरोखर वारंवार फुटतो. सतराव्या शतकापासून दीडशेहून जास्त उद्रेक नोंदलेले आहेत. २००७ पासून तो राष्ट्रीय उद्यानात आहे, लोक तिथे ट्रेकिंगला जातात. आणि वेळेची सोय पाहा. रियुनियनचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. इकडे सकाळचे दहा वाजले की तिकडे साडेआठ. यलोस्टोनमध्ये तेव्हा आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात. भूकंपलेखावर मात्र बहुधा जागतिक वेळ छापलेली असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. हे गणित फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर कालची नोंद आजची म्हणून दाखवाल. माझ्याकडून झालंय.

आता ज्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ते काम: गोंगाटाची वही. कार्यक्रमाच्या आधी पूर्ण आठवडा चार मुलांनी वर्गातल्या कोपऱ्यात मोबाईल ठेवून कंपनं नोंदवायची. ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप मोबाईलमधल्या त्वरणमापीच्या, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या भागाच्या, नोंदी दाखवतं, ते पुरे. मोबाईल बाकावर ठेवायचा नाही, थेट फरशीवर, दोन बाजूंच्या टेपने चिकटवून आणि विमान मोडवर, कारण एकदा भूकंप म्हणून वर्ग ओरडला तो कोणाच्या तरी मावशीचा फोन होता. प्रत्येक थरथरीपुढे वेळ आणि कारण. नाशिकात कारणांची वानवा नाही. मधल्या सुट्टीची घंटा आणि पाठोपाठचे सहाशे पाय, मुंबई-आग्रा महामार्गावरचे कंटेनर, शेजारच्या प्लॉटवरचं बोअर, सिंहस्थाच्या कामांसाठी फिरणारे रोलर. देवळाली कॅम्पकडच्या शाळांना तोफांच्या सरावाचा दणका ओळखीचा आहे आणि ओझरकडच्यांना लढाऊ विमानांचा. यातलं मोबाईलला काय कळतं आणि फक्त खिडक्यांना काय कळतं, हेही लिहू द्या. हवेतून आलेला धक्का आणि जमिनीतून आलेला धक्का वेगळा, हे पुस्तकातून शिकवायला मला कधी जमलं नाही. त्या वहीने एका आठवड्यात शिकवलं.

वहीचा आग्रह एवढ्यासाठी की ज्वालामुखीवरच्या वेधशाळेचंही रोजचं काम बरंचसं हेच असतं. आलेली रेघ भूकंपाची आहे का, हे आधी ठरवायचं. पितोंवर साधारण चार जातींच्या रेघा ओळखता आल्या तरी मुलांना दिवस पुरतो. खडक तडकला की नोंद एकदम उसळते आणि झरझर उतरते, लवंगी फटाका. कडा कोसळला की सुरुवात कुठे झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही, रेघ हळूहळू फुगते आणि हळूहळू ओसरते. लासलगावला ट्रॉलीतून कांदा ओतताना होतो तसा प्रकार. दूर कुठेतरी मोठा भूकंप झाला असेल तर लांब, संथ लाटा. आणि लाव्हा वर येऊन वाहू लागला की कंप सुरू होतो तो थांबतच नाही, शेजारी पिठाची गिरणी लागल्यासारखा. चारही नोंदींचे नमुने मोठ्या कागदावर छापून, खालची नावं झाकून भिंतीला लावा. मुलांनी आपल्या वहीतली रेघ त्यातल्या कुठल्या रेघेसारखी दिसते ते शोधायचं. गंमत म्हणजे बोअर दर वेळी गिरणीपाशी जाऊन बसतं.

यातली एक गोष्ट थोडी वरच्या वर्गासाठी राखून ठेवते. समुद्राच्या लाटांमुळे बेटाच्या जमिनीत अखंड बारीक थरथर असते, आणि बरीच वर्षं ती नुसता अडथळा म्हणून गाळली जायची. २००८ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ फ्लोराँ ब्रेंगिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पितोंवरच्या नोंदींतून हाच गोंगाट घेतला आणि दोन नोंदणी केंद्रांमधून तो कोणत्या वेगाने जातो ते दिवसेंदिवस मोजलं. उद्रेकाच्या आधी वेग किंचित घटत होता, टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. आतून दाब वाढून डोंगर फुगला की भेगा उघडतात आणि लहरी मंदावतात. दहावीच्या एका मुलीने यावर विचारलं होतं, मग आपण आठवडाभर वहीत कचरा लिहिला तो कचरा नव्हता का? तिला मी वही घरी नेऊ दिली.

फुगण्याचं निघालं आहे तर नळीकडे येते. गवंड्याकडून पाण्याची लेव्हल मागून आणा, निदान दहा मीटरची पारदर्शक नळी. नवी विकत घेऊ नका. गवंडी स्वतः ती कशी धरतो हे मुलांनी बघितलेलं बरं. पाण्यात शाई टाका, आणि बुडबुडे जाईपर्यंत नळी झटका, कारण एक बुडबुडा सगळा हिशेब खोटा पाडतो. व्हरांड्यात सावलीत पसरा. एका टोकावर ऊन आलं तर तिथलं पाणी तापून पातळी बदलते आणि शाळा कलल्याचा शोध लागतो. दोन्ही टोकं लाकडी ठोकळ्यांवर उभ्या पट्ट्यांना बांधा आणि तोंडं उघडी ठेवा. मग एका ठोकळ्याखाली नाणं सरकवा. त्या टोकाच्या पट्टीवर पाणी उतरतं, दुसऱ्या टोकाला चढतं. मुलं लगेच भांडतात की नाण्याच्या जाडीइतकं का उतरलं नाही. अर्धं इथे उतरलं, अर्धं तिथे चढलं, हे त्यांनीच मोजून काढावं. तुम्ही सांगू नका.

एक किलोमीटर लांब पट्टीचं एक टोक एक मिलिमीटर उचललं की जो कल येतो तो एक मायक्रोरेडियन. आपल्या दहा मीटर नळीत एक मिलिमीटर फरक म्हणजे शंभर मायक्रोरेडियन. पितोंच्या माथ्यावरच्या कलमापींनी काही उद्रेकांच्या आधी थोड्या वेळात इतका किंवा याहून जास्त कल टिपला आहे. म्हणजे गवंड्याची नळी तिथे असती तर तिलाही कळलं असतं, फक्त उशिरा आणि ढोबळ. ही थट्टा नाही. हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीवर विसाव्या शतकाच्या मध्यात याच तत्त्वाने, पाणी भरलेल्या नळ्यांनी कल मोजत असत. जीपीएस आणि उपग्रहांवर मी एकच स्लाइड ठेवते, कारण त्यात मुलांच्या हाताला काही लागत नाही. पण ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा-इस्रोचा निसार उपग्रह जमिनीची अशीच हालचाल १२ दिवसांच्या फेऱ्यांत टिपतो, एवढं जरूर सांगते. इस्रोचं नाव आलं की मागच्या बाकांवरही मान वर होते.

मैदानाचं काम रांगोळी आणि सुतळीचं. तीन मुलं तीन केंद्रं. प्रत्येकाला एक चिठ्ठी: भूकंपाची पहिली लहर आणि दुसरी लहर यांत किती सेकंदांचं अंतर पडलं. त्याला साधारण ८ ने गुणलं की किलोमीटर. पाच किलोमीटरला एक पाऊल धरून सुतळीने वर्तुळं काढायची आणि तीन रांगोळ्या जिथे छेदतात तिथे भूकंप. उदाहरण पालघरचं घ्या. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली होती, ते घरी मोठ्यांना आठवत असतं. हा ८ पितोंवर लावू नका. तिथले धक्के उथळ, डोंगराच्या पोटातले, आणि तिथला दगड सैल, त्यामुळे लहरी सावकाश जातात आणि अंतरं जेमतेम काही किलोमीटरांची.

गोष्ट सांगायला दोन साल पाठ असू द्या. १९९८ चा मार्च: साडेपाच वर्षं डोंगर शांत होता, मग समुद्रसपाटीखाली सुमारे पाच किलोमीटरवर धक्के सुरू झाले आणि ३६ तासांत ते वरवर सरकत पृष्ठभागापर्यंत आले. मग लाव्हा. नकाशावर खालून वर ठिपके लावत गेलं की मुलं आपोआप गप्प होतात. आणि २००७ चा एप्रिल: माथ्यावरच्या दोलोमिए विवराचा तळ ३०० मीटरहून जास्त खाली बसला. एकदम नाही, पायरी-पायरीने, आणि दोन पायऱ्यांमधला वेळ कमी होत गेला. इथे नळीचं एक टोक हळूहळू खाली सोडून दाखवता येतं. वेधशाळा का आहे, हेही एका वाक्यात: १९७७ मध्ये लाव्हा सँत-रोझच्या वस्तीत शिरला, आणि १९७९ मध्ये वेधशाळा सुरू झाली. आता धक्क्यांचा जोर वाढला की प्रशासन माथ्याकडची वाट बंद करतं आणि ट्रेकर्सना खाली आणतं.

थेट नोंदींवर मात्र कार्यक्रम उभा करू नका. २०२५ च्या विज्ञान दिनाला मी प्रोजेक्टर लावून बसले आणि त्याच सकाळी गारांस चक्रीवादळ रियुनियनवर आदळलं. पान उघडलंच नाही. तिकडची वीज गेली की आमच्या शाळेचं नेट, ते कळायला मार्ग नव्हता. जुन्या नोंदी पेनड्राइव्हवर आणि कागदावर असल्याच पाहिजेत. वेधशाळेची पत्रकं फ्रेंचमध्ये असतात, तेव्हा चार शब्दांची चिठ्ठी करा: सेइझ्म म्हणजे भूकंप, एबुलमाँ म्हणजे दरड कोसळणं, सोमे म्हणजे माथा, त्रेमोर म्हणजे तो गिरणीचा कंप. पडदे, एक्स्टेन्शन बोर्ड, फळ्याचा ओला फडका, हे शिपाईकाकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं की होतं.

शेवटच्या अर्ध्या तासात प्रश्न येतात आणि ते दरवर्षी तेच असतात. सह्याद्री परत पेटेल का? नाही, आच पाच हजार किलोमीटरवर राहिली. मग पेठ, सुरगाणा, कळवणला धक्के का बसतात? ज्वालामुखीमुळे नाही. खालच्या जुन्या खडकांत भेगा आहेत आणि भारताचं भूपृष्ठ अजून उत्तरेला रेटलं जातंय. किल्लारी १९९३ आणि कोयना १९६७, दोन्ही याच बसाल्टच्या प्रदेशात झाले, तेव्हा ‘आपल्याकडे काही होत नाही’ असं कोणत्याही पालकाला म्हणू देऊ नका. आपल्या धक्क्यांच्या नोंदी कोण ठेवतं, असं विचारलं तर दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ या संशोधन संस्थेचं नाव सांगा, अर्ध्या मुलांना तो नुसता बसथांबा वाटतो. आणि यंत्रं असूनही आधी कळलं नाही असं झालंय का? झालंय. यलोस्टोनच्या बिस्किट बेसिनमध्ये २३ जुलै २०२४ ला उकळत्या पाण्याचा स्फोट झाला, पर्यटक पळाले, कोणी दुखावलं नाही, आणि नोंदींत आधी ठळक असा काही इशारा नव्हता. हे उत्तर टाळू नका. ते ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मुलं गेली की लगेच आवराआवर करू नका. नळी रात्रभर तशीच राहू द्या, संध्याकाळी सहाला आणि सकाळी सातला दोन्ही टोकांचे आकडे वहीत टिपा, म्हणजे पुढच्या वर्षी दाखवायला शाळेची स्वतःची एक नोंद तयार. सातनंतर मात्र नळी तशीच ठेवायची नाही. गवंड्याला आठला स्लॅबवर जायचं असतं, आणि शाई धुऊन परत द्यायची आहे.