कोकण किनाऱ्यावरील मुक्कामी भटकंतीसाठी एसयूव्ही कशी सज्ज करावी

मुक्कामी भटकंतीसाठी एसयूव्हीवर चढवली जाणारी बहुतेक सामग्री वाळवंट, खडकाळ डोंगर किंवा लडाखसारखा विरळ वस्तीचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली असते. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गावर मात्र थोड्या थोड्या अंतरावर गाव लागते, पाण्याला विहीर असते आणि टायर पंक्चर झाला तर तो काढून देणारा माणूसही सापडतो. इथे रोज आडव्या येतात त्या गोष्टी वेगळ्याच: खारी हवा, दमटपणा, जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाणारे अरुंद रस्ते, खाड्यांवरच्या फेरीबोटी आणि भरती-ओहोटी. म्हणून कोकणासाठी गाडी तयार करताना ती उंच आणि दणकट दिसावी यासाठी पैसे घालण्यापेक्षा ती हलकी राहावी, गंजू नये आणि रात्री तिच्यात कोरडे झोपता यावे, या तीन गोष्टींवर खर्च करावा.

आधी वजनाचा हिशेब

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी गाडीची भारक्षमता काढावी. माहितीपुस्तिकेत दिलेल्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माणसे, सामान, पाणी आणि बसवलेली सर्व उपकरणे मिळून किती भार चालेल, तो आकडा हाती येतो. आता एक सर्वसाधारण यादी मांडून पाहावी: छतावरचा तंबू ६० किलो, त्याखालचा रॅक ३०, विंचसह (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र) लोखंडी बंपर ७५, मागचे खण ५०, फ्रिज आणि त्याला वीज देणारी जोडबॅटरी (दुसरी बॅटरी) ३५, दोन कॅन भरून पाणी ४०. ही बेरीज २९० किलो होते आणि अजून गाडीत एकही माणूस बसलेला नाही. त्यात चार प्रौढ आणि त्यांच्या बॅगा धरल्या की अनेक गाड्यांची मर्यादा संपते किंवा ओलांडली जाते. अशी गाडी आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या उतारावर ब्रेक किती तापवते, ते वेगळे सांगायला नको. कोकणात विंच आणि लोखंडी बंपर या दोन गोष्टी निर्धास्तपणे यादीतून काढून टाकाव्यात. त्या दोहोंनी वाचलेले वजन म्हणजे जवळपास एक माणूस.

छताची मर्यादा वेगळी असते आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. गाडी चालत असताना छतावर किती भार ठेवता येतो, हा आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि तो अनेकदा तंबू व रॅक यांच्या एकत्रित वजनापेक्षा कमी भरतो. गाडी उभी असताना छत याच्या कितीतरी पट भार पेलते. त्यामुळे ‘दोन माणसे वर झोपतात, काही होत नाही’ हा युक्तिवाद चालत्या गाडीला लावू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. पुढे बसवल्या जाणाऱ्या बुलबार या लोखंडी कठड्याविरुद्ध कारवाई करण्याबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. काढता-घालता येणारे सामान हा यातला सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. शिवाय विमा कंपनीशी वाद होण्याची शक्यताही त्याने कमी होते. स्नॉर्केलचा, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीचा, मोह आवरावा. फोर्स गुरखासारख्या गाडीला तो कारखान्यातूनच येतो, त्याला हरकत नाही. पण ज्या पाण्यात स्नॉर्केल लागेल, त्या पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, गाडी घालण्याचे कोकणात काहीच कारण नाही.

झोपण्याची सोय: वर की आत?

छतावरचा तंबू कोरडा असतो, जमिनीपासून वर असतो आणि उघडायला पाच-दहा मिनिटे पुरतात. तरीही कोकणासाठी गाडीच्या आतली शय्या हाच अधिक शहाणपणाचा पर्याय आहे. तंबूमुळे गाडीची उंची वाढते आणि गावातून जाताना वर फणसाच्या फांद्या, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि वळणावर पुढे आलेली कौलारू पाखी यांच्याशी गाठ पडते. तंबू घ्यायचाच असेल तर तो बसवल्यानंतरची एकूण उंची मोजून ती चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवून ठेवावी. बाजूला बसवलेल्या कापडी छपरीबाबतही हेच आहे: ती गडग्याकडच्या अंगाला आली की दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा पहिला ओरखडा तिलाच बसतो.

आत झोपण्यासाठी मागची आसने दुमडल्यावर किमान सहा फूट लांबी मिळते का, ते प्रत्यक्ष आडवे होऊन पाहावे. स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनरसारख्या तीन रांगांच्या गाडीत ही लांबी साधते. तीन दारांच्या थारमध्ये उंच माणसाला ती साधत नाही आणि तिथे तंबूला पर्याय उरत नाही. चौथऱ्यासाठी १२ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय घ्यावा, त्याच्या सर्व कडांना, विशेषतः कापलेल्या कडांना, वार्निशचे दोन हात द्यावेत आणि पृष्ठभाग अखंड न ठेवता पट्ट्यांचा करावा. यामागचे कारण साधे आहे. माणसाच्या अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली उतरतो, थंड प्लायवर त्याचे पाणी होते आणि कोकणातल्या हवेत तिसऱ्या दिवशी गादीच्या पोटाला काळी बुरशी दिसू लागते. पट्ट्यांमधून हवा खेळली की हा त्रास बराच टळतो. चौथऱ्याची उंची ठरवताना त्याखाली कोणते डबे ठेवायचे ते आधी ठरवावे आणि मग सुताराकडे जावे. बहुतेक जण हे उलट करतात.

काचा खाली करून झोपता यावे म्हणून दारांच्या चौकटींवर बसणाऱ्या बारीक जाळ्या शिवून घ्याव्यात आणि दोन छोटे यूएसबी पंखे समोरासमोरच्या खिडक्यांपाशी लावावेत. गाडी उभी करताना वाऱ्याचा विचार करावा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे संध्याकाळनंतर मंदावतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. म्हणून झोपण्याच्या वेळी समुद्राकडच्या आणि जमिनीकडच्या अशा दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या राहतील, अशा बेताने गाडी आडवी लावावी. उकाड्याला कंटाळून इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणे कटाक्षाने टाळावे. उभ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे झोपेतच दगावतात. त्याच कारणाने गॅसची शेगडीही गाडीच्या आत पेटवू नये.

वीज

१०० अँपिअर-तासांची, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तास साठवते. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज कोकणातल्या उकाड्यात दिवसाला सुमारे ६०० ते ७०० वॅट-तास खातो. त्यात पंखे, दिवे आणि मोबाइल धरले तर दीड दिवस निघतो. गाडी रोज तीन-चार तास चालणार असेल तर चालत्या गाडीच्या विजेवर जोडबॅटरी भरणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हा खर्च भरून काढतो आणि सौर पॅनेलची गरज पडत नाही. हा चार्जर वगळून जोडबॅटरी थेट मूळ बॅटरीला जोडू नये, कारण नव्या गाड्यांचे आल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजजनित्र) गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतात आणि लिथियम बॅटरी एकतर अर्धवट भरते किंवा आल्टरनेटरवर नको तेवढा ताण आणते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ बसवावा. तार कुठे घासून उघडी पडली तर आग लागण्यापूर्वी तोच काम करतो. ज्यांना वायरिंगला हात लावायचा नाही, त्यांनी सरळ पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यावे.

टायर, वाळू आणि भरती

टायरांचा मूळ आकार कायम ठेवून ऑल-टेरेन प्रकार घेणे पुरेसे आहे. त्यासोबत चांगला १२ व्होल्टचा हवेचा पंप आणि दाबमापक हवाच. पंप सिगारेट लायटरच्या सॉकेटला न जोडता क्लिपांनी थेट बॅटरीला जोडावा, कारण त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो आणि मोठा पंप तो सहज उडवतो.

सुरूच्या बनाकडे जाणाऱ्या वाटांवर मऊ वाळू लागते. तिथे हवेचा दाब २० पीएसआयपर्यंत उतरवला की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. १५ च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरी रस्ता लागताच, वेग घेण्यापूर्वी, हवा पुन्हा भरावी. चाक फिरू लागले आणि गाडी पुढे सरकत नसेल तर ॲक्सिलरेटर तिथेच सोडावा, फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढावी आणि ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, चाकाखाली सारावेत. दुसऱ्या गाडीने ओढायचे झाल्यास दोर उत्पादकाने दिलेल्या ओढकडीलाच बांधावा. मागच्या टोबॉलला, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या गोळ्याला, तो कधीही अडकवू नये. ताणाखाली तुटलेला टोबॉल बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि त्याने जगभर माणसे मेली आहेत.

पुळणीवर, म्हणजे समुद्रालगतच्या वाळूवर, मात्र गाडी उतरवू नये. ओली, घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली पाणी सोडते, गाडी उभी राहिली की टायर रुततात आणि मग घड्याळ भरतीच्या बाजूने चालू लागते. शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर, तोंडवळी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. घरटी वाळूखाली असल्याने चालकाला दिसत नाहीत आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने धावत असल्याने गाडीवरचे प्रखर एलईडी पट्टे त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतात. म्हणून किनाऱ्याजवळच्या मुक्कामासाठी छपरीखाली मंद, तांबूस उजेडाचा एक दिवा एवढेच ठेवावे.

भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची रीत प्रत्येकाने शिकून घ्यावी. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. हा हिशेब फेरीबोटीसाठीही उपयोगी पडतो. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले किंवा जयगड-तवसाळ इथे ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, त्याचा खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो आणि बोटीची फळी व धक्का यांच्यामधल्या कोनात पुढे आलेला बंपर, खाली लोंबणारी पायरी किंवा मागचा टोबॉल घासतो. ज्यांनी हे सामान बसवलेले नाही, ते निवांत चढतात.

मुक्कामाची जागा

माडाखाली गाडी लावू नये, ही सूचना कोकणी माणसाला हास्यास्पद वाटेल. पण सावली पाहून नेमकी तिथेच गाडी लावणारे पाहुणे दर हंगामात दिसतात. नारळाने काच फुटते आणि सुकलेली झावळी छपरी फाडते. वाडीत मुक्काम करायचा असल्यास मालकाची परवानगी आधी घ्यावी. बहुधा विहिरीचे पाणी आणि शौचालय यांची सोय त्याच बोलण्यात होऊन जाते.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वारा उत्तम असतो, पण तिथे तंबूची खुंटी जांभ्यात जात नाही. छपरीचे ताण गाडीच्या चाकांना आणि पाण्याच्या भरलेल्या कॅनना बांधावेत. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवावी, कारण रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी अशा ठिकाणी कातळशिल्पे आहेत. २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत असलेल्या या शिल्पांपैकी कितीतरी कोवळ्या गवतात दिसतही नाहीत. याच कातळांत फुरशी हे विषारी साप असतात. रात्री गाडीतून पाय खाली ठेवण्याआधी विजेरीचा उजेड टाकावा आणि बूट गाडीच्या आत ठेवावेत.

गंज

मीठ धातूवर बसते, दमट हवेतले पाणी शोषते आणि गंज कोरड्या दिवसातही चालू राहतो. त्यामुळे नवीन गाडीला पहिल्याच सहलीपूर्वी खालून गंजरोधक लेप द्यावा. जुन्या गाडीचा गंज तारेच्या ब्रशने काढून, प्रायमर लावूनच लेप द्यावा, नाहीतर गंज लेपाच्या आड वाढत राहतो. रॅकसाठी ॲल्युमिनियम चांगले, मात्र त्यात स्टीलचे बोल्ट थेट कसले तर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम बोल्टभोवती पांढरे पडून खाल्ले जाते. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि आट्यांवर ग्रीस हा त्यावरचा उपाय आहे. छिद्र पाडावेच लागले तर त्याची उघडी कड रंगवल्याशिवाय बोल्ट घालू नये.

सहलीहून परतल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी गाडी गोड्या पाण्याने धुवावी आणि त्यातला अर्धा वेळ खालच्या भागाला द्यावा: चासीच्या पोकळ नळ्या, स्प्रिंगांच्या बैठका, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, ब्रेकच्या नळ्यांचे जोड. पाण्याचा जोर बॅटरीच्या टोकांवर आणि वायरच्या जोडांवर मारू नये. तिथे ओले फडके फिरवून, कोरडे पुसून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. दारांच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके वाळूने बुजलेली असतात. ती काडीने मोकळी करावीत, आतले पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि गाडीवर आच्छादन त्यानंतरच घालावे.