चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) बुडाला तर व्हॉट्सअ‍ॅपचा पुरावा कोर्टात कसा न्यावा

खेडा खरेदीत व्यापारी शेतकऱ्याच्या घरूनच माल उचलतो, पावती मिळत नाही आणि हाती राहतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप: "चुकारा पोळ्यानंतर देतो." असा निरोप कोर्टात चालतो. नुसत्या स्क्रीनशॉटची झेरॉक्स जोडली तर मात्र पहिल्याच हरकतीला अडकतो.

आधी मोबाइल सांभाळा. ज्यात निरोप आला तो फोन विकू नका, रिसेट करू नका. विकलेल्या मालाच्या पैशाच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, त्यापुढे खटला चालणार. तोवर फोन घरात हवा. फोनच्या मालकाने साक्षीत मूळ फोनच हजर करून सिद्ध केला, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतींसोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये खोतकर-गोरंट्याल प्रकरणात स्पष्ट केलं. चॅटमध्ये 'गायब होणारे मेसेज' चालू असेल तर आजच बंद करा.

मग चॅट एक्स्पोर्ट करा: तीन ठिपके, 'आणखी', 'चॅट एक्स्पोर्ट करा', मीडियासह. गोम इथेच आहे. फाइलमध्ये नंबर येत नाही, तुम्ही सेव्ह केलेलं नाव येतं. "कापूसवाले भाऊ" म्हणजे कोण, हे कोर्टाला कसं कळणार? म्हणून नंबर दिसणाऱ्या कॉन्टॅक्ट माहितीचाही स्क्रीनशॉट घ्या. चॅट पूर्ण द्या. सोयीचं तेवढं दिलं तर उरलेलं समोरचा वकील दाखवेल. व्हॉइस नोट दुसऱ्याला फॉरवर्ड करून जपू नका, त्यात मूळ पाठवणारा आणि वेळ दोन्ही हरवतात.

फाइल मिळताच तिचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तिचा ठसा, काढून घ्या. एसएचए-256 या पद्धतीचा हॅश 64 अक्षरांचा असतो. फाइल उघडून एक स्वल्पविराम सुधारून सेव्ह केला तरी तो पार बदलतो, त्यामुळे शुद्धलेखन दुरुस्त करायचा मोह नको.

प्रती द्यायच्या असतील तर प्रमाणपत्र लागतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली द्यायचं. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 65-ब विसरा. भाग अ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा: मेक, मॉडेल, रंग, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक (*#06# डायल करा), हॅश. भाग ब तज्ज्ञाचा. झेरॉक्सवाल्याची सही तिथे चालत नाही.

फेसबुक पोस्ट असेल तर संगणकावर पोस्टची वेळ लिहिलेली असते तिथे माउस न्या, पूर्ण तारीख दिसते. "2 दिवसांपूर्वी" असा स्क्रीनशॉट काय कामाचा? लिंकही जपा.

समोरच्याच्या फोनमधलं हवं असेल तर पासवर्ड मिळवायच्या भानगडीत पडू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11 खाली वकिलामार्फत दस्तऐवज उघड करण्याचा आणि हजर करण्याचा अर्ज करता येतो.

"तो नंबर माझा नाहीच" हा हमखास बचाव. त्याच नंबरवरून पूर्वी इसार यूपीआयने आला असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा, काटा पावती (वजनाची चिठ्ठी) असेल तर जोडा, आणि सिम कोणाच्या नावावर आहे यासाठी मोबाइल कंपनीला समन्स काढायला सांगा.