ड्राय क्लीनिंगला पर्याय निवडताना या चुका टाळा

‘ड्राय’ म्हटले तरी या पद्धतीत कपडे द्रवातच धुतले जातात. फक्त तो द्रव पाणी नसतो. वर्षानुवर्षे त्यासाठी मुख्यतः परक्लोरोएथिलीन हे रसायन वापरले गेले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे, शिवाय ते जमिनीत मुरून भूजलही दूषित करते. त्यामुळे पर्याय शोधायलाच हवा. पण घरी धुतलेला एखादा कपडा बिघडला, की लोक पाण्याला दोष देऊन पुन्हा जुन्या वाटेला लागतात, याचे वाईट वाटते. लोकर किंवा रेशीम बिघडते ते बहुतेक वेळा उष्णता, घासणे आणि चुकीचा साबण यांमुळे.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात कपडा घुसळला, की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. माझा एक स्वेटर असाच गेला, आणि नंतर कितीही ताणला तरी तो मूळ मापावर आला नाही. म्हणून धुण्याचे व खळबळण्याचे पाणी एकाच तापमानाचे, साधारण ३० अंशांपर्यंतचे असावे. कपडा हलकेच दाबावा, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा, कारण दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने तो लांबतो. नेहमीच्या पावडरीतील प्रथिने तोडणारी एन्झाइमे डागांसाठी चांगली असली, तरी लोकर आणि रेशीमही प्रथिनेच आहेत, हे विसरू नये.

रेशमावर डागापुरतेच पाणी लावल्यास सुकताना कडेला वलय उमटते. रंग पक्का असेल, तर संपूर्ण कपडा एकसारखा भिजवल्याने ते बरेचदा निघते. रंगाची परीक्षा आधीच करावी: आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके दाबून धरावे आणि त्यावर रंग उतरला, तर कपडा घरी धुऊ नये.

‘ऑरगॅनिक’ या पाटीवर विसंबणे ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. रसायनशास्त्रात कार्बनच्या बहुतेक संयुगांना हा शब्द लागू होतो. पेट्रोलियमपासून बनवलेले विद्रावक, इतकेच काय, परक्लोरोएथिलीनसुद्धा त्यात बसते. दुकानात नेमका कोणता द्रव वापरतात, हे थेट विचारावे. व्यावसायिक वेट क्लीनिंग, म्हणजे जाणकाराने खास यंत्रात पाण्याने केलेली धुलाई, आणि द्रवरूप कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही चांगले पर्याय आहेत. कपड्याच्या लेबलवर वर्तुळात ‘डब्ल्यू’ असेल, तर त्याला वेट क्लीनिंग चालते.

कोटाच्या बाबतीत मात्र घरी धाडस करू नये. आतला कडक थर चिकटवलेला असल्यास तो सुटतो आणि छातीवर फुगे येतात, ते इस्त्रीनेही नीट बसत नाहीत. असा कोट वेट क्लीनिंगच्या जाणकाराकडेच द्यावा, कारण तिथे धुण्याइतकेच महत्त्व नंतर ताण देऊन आकार बसवण्याला असते. मधल्या काळात मऊ ब्रशने धूळ झाडून तो रात्रभर हवेशीर जागी रुंद हँगरवर टांगला, तर धुण्याची वेळच क्वचित येते.